हार पुतळ्याला, टाळे नाट्यगृहाला

येत्या आठवड्यात महाराष्ट्रात सांस्कृतिक कार्यक्रमांची वाण पडणार नाही. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती आणि लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटील यांची जयंती, ९ ऑगस्टला क्रांतिदिन आणि त्याच दिवशी आदिवासी दिन. या नऊ दिवसांत चौकाचौकांत मंडप उभे राहतील, पुतळ्यांच्या गळ्यात हारांची रास पडेल, ध्वनिक्षेपकांवरून पोवाडे वाजतील आणि लोककला ही महाराष्ट्राची अस्मिता असल्याचे सत्ताधारी व विरोधक दोघेही एकाच सुरात सांगतील. ज्या शाहिरीने एके काळी राज्यकर्त्यांची झोप उडवली, ती आता राज्यकर्त्यांच्या स्वागतगीताला पुरते. हा बदल कसा झाला, हे त्या नऊ दिवसांत कोणीही विचारणार नाही. म्हणून तो प्रश्न आधीच विचारला पाहिजे.

१ ऑगस्ट १९२० या एकाच दिवसाने महाराष्ट्राच्या इतिहासात दोन नोंदी केल्या आहेत. मुंबईत सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला, आणि त्याच तारखेला वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यातील एका घरी अण्णाभाऊंचा जन्म झाला. एकाने गणेशोत्सव चौकात आणून त्याला सार्वजनिक रूप दिले. दुसऱ्याला शाळेचा उंबरठाही धड लाभला नाही. आईबापांबरोबर पायी मुंबई गाठावी लागली, मिळेल ते काम करावे लागले, गिरणीत राबावे लागले. परंतु माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना अक्षरओळखही झाली आणि चळवळीचीही. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या जुन्या चौकटीतले गणातले नमन त्यांनी मायभूमीकडे आणि कष्टकऱ्यांकडे वळवले, गौळण बाजूला ठेवली आणि वगात सावकार, मालक व पुढारी यांना उभे केले. मुंबई राज्याच्या सरकारला हे सोसले नाही. बंदी आली. बंदी आली की कार्यक्रमाचे नाव बदलायचे आणि दुसऱ्या वस्तीत उभे राहायचे, असा तो काळ होता.

त्याच अण्णाभाऊंच्या नावाचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. याबद्दल कोणाला खेद वाटण्याचे कारण नाही. ज्याने हयातभर झोपडीत लेखणी झिजवली आणि १९६९ साली दारिद्र्यातच जगाचा निरोप घेतला, त्याचा पुतळा उभा राहत असेल तर तो जरूर उभा राहावा. प्रश्न पुतळ्याचा नाही. अण्णाभाऊंची कला ज्या भूमीत उगवली ती भूमी आज कोठे आहे, हा प्रश्न आहे. 'भूमी' हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. चौरस फुटांत मोजली जाणारी, सात-बाऱ्यावर आणि नगर भूमापनाच्या नकाशावर असणारी जी जमीन, तीच येथे अभिप्रेत आहे.

कामगारांच्या कलेला तीन गोष्टी लागत होत्या: उभे राहायला जागा, पाळी सुटल्यानंतरची रात्र, आणि हाकेच्या अंतरावर राहणारा प्रेक्षक. गिरणगावात या तिन्ही होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस मावत नसे, म्हणून तो चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात, कामगार मैदानावर येऊन बसे. कोकणातला कामगार आपले नमन, जाखडी आणि दशावतार घेऊन आला. देशावरचा कामगार तमाशा आणि भारूड घेऊन आला. दलित वस्त्यांतून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३१पासून जी वाट पाडली, तिच्यावरून पुढे वामनदादा कर्डकांसारखा कवी गावोगाव चालत गेला. यांपैकी एकाही कलाप्रकाराला सरकारी महोत्सवाने जन्म दिला नाही. त्यांना जन्म दिला तो शेजाराने.

हा शेजार कसा मोडला, हे सांगण्यासाठी सांस्कृतिक धोरणाचे कागद उघडण्याची गरज नाही, विकास नियमावली उघडली की पुरे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्या संपाचा शेवट कधी जाहीरच झाला नाही. पुढे गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न आला. १९९१च्या नियमात निदान एक तृतीयांशाचे सूत्र होते. जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला आणि एक हिस्सा मालकाला. २००१ साली शासनाने त्या सूत्राची मेख हळूच काढून घेतली. वाटणी साऱ्या जमिनीची न होता फक्त तेव्हा मोकळ्या असलेल्या जागेची होईल, असा दुरुस्तीचा अर्थ झाला. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती कितीशी असणार? सारे आवार इमारतींनी भरलेले. उच्च न्यायालयाने २००५ साली ही चलाखी अमान्य केली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती मान्य ठरली. त्या दिवशी मुंबईने केवळ बागा गमावल्या असे नाही. ज्या मैदानांवर उद्याचे अमर शेख डफ घेऊन उभे राहिले असते, ती मैदानेही तिने उगवण्याआधीच गमावली. शाहिरी का आटली म्हणून परिसंवाद भरवणाऱ्या विद्वानांनी या एका दुरुस्तीवर एखादा निबंध वाचावा.

मैदान गेले तरी नाट्यगृह राहते, असे कोणी म्हणेल. तर मग परळच्या दामोदर नाट्यगृहाची कथा ऐकावी. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार यांची सोय या संस्थेने केली आणि त्याच ओघात १९२२ साली परळला हे सभागृह उभे राहिले. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी याच दामोदर हॉलमध्ये बैठक बोलावली. तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली, आणि सभेचे कार्यालयही तेथेच होते. म्हणजे या भिंतींनी कामगार चळवळ पाहिली, दलित चळवळीचा आरंभ पाहिला आणि शंभर वर्षे कामगारांचे नाटकही पाहिले. हौशी कामगार नटांचे पाय या रंगमंचावर थरथरले आणि येथेच स्थिरावले.

कोकणी मंडळांचे तर हे हक्काचे घर. श्रावणाच्या सुमारास, गणपतीला गावी जाण्याआधी, मुंबईत शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांना बहर येतो. एका बाजूला शक्तीवाला शाहीर, दुसऱ्या बाजूला तुरेवाला, मध्ये ढोलकी, झांज आणि घुंगरू बांधलेले नाचे, आणि सभागृहात एकाच गावची दोन-तीनशे माणसे. तिकिटाला तेथे तिकीट म्हणत नाहीत, 'देणगी प्रवेशिका' म्हणतात, आणि ती कोणत्याही खिडकीवर न विकता खोल्याखोल्यांतून हातोहात विकली जाते. गावच्या शाळेचे छप्पर, देवळाचा जीर्णोद्धार, वाडीतली विहीर ही कामे या प्रवेशिकांच्या पैशांतून झाली आहेत. नाट्यगृहाचे भाडे वजा जाता जे उरते त्यावर मंडळाचे वर्षाचे गणित चालते. भाडे वाढले की पहिला बळी विहिरीचा जातो. व्यावसायिक नाटकाचा निर्माता तिकिटाचा दर वाढवील, वाडीतल्या मंडळाला ती सोय नाही. कारण प्रवेशिका घेणारा आणि प्रवेशिका विकणारा एकाच खोलीत झोपतात!

हे दामोदर २०२३च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले. शंभरी पुरी होते न होते तोच दाराला टाळे लागले. कलावंतांनी आवाज उठवला, नाट्य परिषदेने त्यात भाग घेतला, २०२४ साली प्रकरण विधिमंडळापर्यंत पोहोचले. इमारत जुनी झाली होती हे खरे, आणि जुन्या इमारतीची डागडुजी करू नये असे कोणी म्हणत नाही. परंतु पुनर्बांधणीच्या काळात या मंडळांनी जावे कोठे, परत आल्यावर तेवढेच आसन, तेवढाच रंगमंच आणि परवडणारे भाडे मिळेल याची हमी कोणाची, या साध्या प्रश्नांची उत्तरे टाळे लावण्याआधी मिळायला हवी होती. भाडेकरूला घर रिकामे करायला लावताना पर्यायी जागेचा करार करावा लागतो. शंभर वर्षांच्या कलेला तेवढाही भाडेकरूचा हक्क नाही.

आणि हे त्याच वर्षी घडले, ज्या वर्षाच्या मार्चअखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात देशातल्या सर्वांत धनाढ्य घराण्याचे सांस्कृतिक केंद्र थाटात उघडले. २००० आसनांचे भव्य रंगमंदिर, स्फटिकांची आरास, परदेशी संगीतिका. खाजगी पैशाने कोणी रंगमंदिर बांधले म्हणून आकांडतांडव करण्याचे कारण नाही, उत्तम कला कोठेही होवो. पण दोन्ही घटना एका वर्षात शेजारी ठेवल्या की शहराचे चित्र स्वच्छ दिसते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना २००० आसने मिळाली, ज्यांच्याकडे ढोलकी आहे त्यांना टाळे मिळाले. वर्तमानपत्रांनी पहिल्या घटनेला पाने दिली, दुसरीला रकाने. 'मुंबईत या आठवड्यात काय पाहाल' अशा मथळ्याखाली जी यादी छापली जाते तिच्यात कोणत्या तालीमघरात, कोणत्या समाजमंदिरात, कोणत्या शाळेच्या सभागृहात कोणाचा सामना आहे हे कधी दिसते काय? ज्याची जाहिरात देता येते तेवढीच संस्कृती, असा त्या यादीचा न्याय आहे.

मुंबई सोडून घाटावर गेले तरी चित्र निराळे नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामाआधी तेथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात, तारखा ठरतात. शेपन्नास ते शंभर-सव्वाशे माणसांचा हा संसार मालमोटारींतून फिरतो. या संसाराच्या मुळाशी काय आहे? उचल. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, फडमालक ती देण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढतो, आणि हंगाम संपला तरी दोघांचीही बाकी संपत नाही. ऊसतोड मजुराच्या कोयत्याला जी उचल बांधते तीच नर्तकीच्या घुंगरांना बांधते. ऊसतोड मजुराच्या उचलीबद्दल चळवळीने निदान संप केले, मोर्चे काढले. तमासगिराच्या उचलीबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीने यात्रा बंद पडल्या, दोन हंगाम बुडाले. उचल मात्र बुडाली नाही, ती व्याजासकट वाढली.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण महाराष्ट्राला पाठ आहे. फड चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर उभी राहिलेली ही बाई. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला, आणि २००२ साली ती गेली ती आर्थिक ओढाताणीतच. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच राज्य शासनाने तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार लाखांचा आहे. हयातीत औषधाला पैसे नाहीत आणि पश्चात नावाने पैसे, हा आपल्या शासनाचा सांस्कृतिक शिष्टाचार होय. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ पासून दरमहा ५००० रुपये झाले, हे योग्यच झाले आणि त्यासाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण मानधन हे म्हातारपणाचे आहे. पस्तीस वर्षांच्या ढोलकीवाल्याला बँक कर्ज देत नाही, विमा कंपनी दारात उभी करत नाही आणि मुलांच्या शाळेची सोय फिरत्या फडाबरोबर होत नाही. त्याने पन्नाशी गाठेपर्यंत ढोलकी विकली नाही तर शासन त्याचा विचार करील!

राहिली रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद. आजारी माणसाला, दमून आलेल्या कामगाराला, अभ्यास करणाऱ्या पोराला झोपेचा हक्क आहे, आणि त्या हक्काविरुद्ध एक शब्दही येथे लिहायचा नाही. समाजवाद्याने झोपेच्या बाजूनेच उभे राहिले पाहिजे. पण त्याच नियमांत एक सवलत आहे. वर्षातून १५ दिवसांपर्यंत, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी, राज्य सरकार मध्यरात्री बारापर्यंत मुभा देऊ शकते. नियमात 'सांस्कृतिक' हा शब्द आधी आहे आणि 'धार्मिक' नंतर. व्यवहारात हा क्रम उलटतो. ज्या उत्सवामागे मतपेढी आणि वर्गणीदार बिल्डर उभा, त्याच्या वाट्याला सवलतीचे दिवस जातात. ज्या तमाशाचा वगच रात्री अकराला रंगतो, त्याच्या कनातीत पोलीस दहा वाजता घड्याळ घेऊन उभा राहतो. आणि त्याच तालुक्याच्या गावी मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनियंत्रांनी खिडक्यांची तावदाने हादरत असतात तेव्हा ते घड्याळ बंद पडलेले असते.

ही गोष्ट गणेशोत्सवाच्या निमित्ताने अधिक स्पष्ट होते. २०२५ साली शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. ज्या उत्सवाचे सारे बळ सरकारच्या परवानगीवाचून जमणाऱ्या गर्दीत होते, तो सरकारी झाला. या उत्सवात एके काळी मेळे होते. पोरे चाळीत तालमी करत, नवी पदे रचत, आणि त्या पदांतून परकीय सरकारवर, सावकारावर, भिक्षुकशाहीवर वार होत. पुण्यात १९२०नंतरच्या दशकात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने ब्राह्मणी वर्चस्वाला भर उत्सवात पदांनी आव्हान दिले. दुसऱ्या बाजूच्या मेळ्यांनी त्याला पदांनीच उत्तर दिले. वाद कडू होता, भाषा नेहमी सभ्य नव्हती, पण वाद पदांत चालला होता आणि चौक ऐकत होता. आज राज्य महोत्सवात रोषणाई आहे, स्पर्धा आहेत, पारितोषिके आहेत. एखाद्या मेळ्याने वाढत्या भाड्यावर, कंत्राटी कामगारांवर, बुजवलेल्या तलावावर पद रचून चौकात म्हटले, तर त्याला पारितोषिक मिळेल की नोटीस, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

नोटिशीचे नाव काढले की पुढचे सांगावेच लागते. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०२० साली अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच त्यांची वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणारे या पक्षातही पुष्कळ आहेत, आणि ते मतभेद लपवण्याचे कारण नाही. पण गाण्याचा पुरावा म्हणून वापर आणि पुराव्याआधी शिक्षा, या दोन गोष्टी ज्या राज्यात चालतात त्या राज्याच्या मंत्र्याने १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या पुतळ्याला हार घालताना थोडे अडखळावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. १९४०-५०च्या दशकांतल्या सरकारने शाहिराला बंदी घातली, ती निदान प्रामाणिक होती. शाहीर मेल्यावर त्याचा उदो आणि जिवंत असताना त्याच्यावर पहारा, ही रीत त्याहून सोयीची निघाली.

येथे काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, काळ बदलला. लोकांच्या खिशात भ्रमणध्वनी आला, त्यात सारे गाणे-नाचणे मावले, आता चौकात कोण बसतो? या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. पण ज्यांनी एकदा शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला आहे त्यांना माहीत आहे की, सभागृहातला तरुण भ्रमणध्वनीवर त्याच सामन्याचे चित्रण करत असतो आणि ते गावी पाठवत असतो. भीमजयंतीच्या रात्री वस्त्यावस्त्यांत जी नवी गाणी म्हटली जातात ती कोणत्याही महामंडळाने रचलेली नसतात. कलेची हौस आटलेली नाही, तिला टेकायला ओटा उरलेला नाही. बोरिवलीला, विरारला, कल्याणपलीकडे फेकला गेलेला कामगार दोन तास गाडीत उभा राहून घरी पोहोचतो. त्याला तालमीला बोलवायचे तर कोठे आणि किती वाजता, याचे उत्तर 'काळ बदलला' हे नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा. जी कला तिकिटावर तगत नाही तिला कोणी का पोसावे? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मोक्याच्या जमिनींवर वाढीव चटईक्षेत्र घेताना बाजाराचा नियम पाळला होता काय? दुरुस्ती शासनाने केली, चटईक्षेत्र शासनाने दिले, रस्ता आणि उड्डाणपूल करदात्याने दिला. बाजाराचे नियम फक्त ढोलकीवाल्याला.

येथवर सारा रोख शासनावर आणि भांडवलदारांवर ठेवला. आता तो स्वतःकडेही वळवणे प्राप्त आहे. कारण या पानाचे वाचक म्हणजे कार्यकर्ते, आणि येत्या आठवड्यातल्या निम्म्या कार्यक्रमांचे आयोजक तेच आहेत. समाजवादी चळवळीची सांस्कृतिक परंपरा लहान नाही. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे होते. निळू फुले आणि राम नगरकर याच कलापथकातून रंगभूमीला मिळाले. पु. ल. देशपांड्यांनी या कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिले, व्यंकटेश माडगूळकरांनी 'बिनबियांचे झाड' दिले. गावोगाव माणसे ही लोकनाट्ये पाहून हसली आणि घरी जाऊन विचारात पडली. आज आपल्या सभांत काय चालते? सभेची वेळ सहाची, पुढारी येणार आठला. मधल्या दोन तासांत मंडपात माणसे टिकवायची म्हणून शाहिराला उभे करायचे. गाणे रंगात आले की मागून चिठ्ठी येते, साहेब आले, आवरा. शाहीर अर्ध्या कडव्यावर थांबतो आणि माइक पुढाऱ्याच्या हाती जातो. 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यातली थट्टा ज्या चळवळीने रंगमंचावर आणली, तिनेच ती आपल्या व्यासपीठावर अमलात आणावी, यापरता विनोद नाही.

शाहिराला मानधन किती द्यायचे याची चर्चा समितीत सर्वांत शेवटी होते. मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, फलकवाल्याचे पैसे रोख जातात, कारण ते उधारीवर येत नाहीत. शाहीर 'आपला माणूस' असतो, म्हणून त्याला येण्याजाण्याचे भाडे आणि शाल-श्रीफळ. नारळावर संसार चालत नाही, हे कामगारांच्या किमान वेतनासाठी लढणाऱ्या पक्षाला निराळे सांगावे लागू नये. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मोर्चाच्या अग्रभागी तारपा वाजवणारे आणि नाचणारे स्त्री-पुरुष असतात, छायाचित्रे त्यांचीच छापून येतात. मोर्चा सभेत बसला की ते मंडपाबाहेर उन्हात उभे राहतात आणि आत त्यांच्या संस्कृतीवर भाषणे होतात. आणि जयंतीच्या मिरवणुकीला भिंतीएवढी ध्वनियंत्रे भाड्याने आणणाऱ्यांत आपल्या शाखा नाहीत काय? नवे कार्यकर्ते मिळवायचे म्हणून त्या यंत्रांवर हजारो रुपये उधळायचे आणि त्याच वस्तीतल्या जलशाला ढोलकीची शाई भरायलाही पैसे नाहीत म्हणून सांगायचे, याला काय म्हणावे?

तेव्हा या आठवड्यात मागण्या करायच्या त्या हाराच्या, स्मारकाच्या आणि महामंडळाच्या नव्हेत. जागेच्या आणि रात्रीच्या मागण्या कराव्यात. सार्वजनिक नाट्यगृह पाडायचे असेल तर तेवढ्याच आसनांची पर्यायी सोय आधी, पाडकाम नंतर, आणि स्थानिक हौशी मंडळांसाठी राखीव तारखा व बांधलेले भाडे करारात लिहिलेले, अशी तरतूद कायद्यात हवी. महापालिकेच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी आणि रविवारी कुलूपबंद असतात. ती वस्तीतल्या मंडळांना नाममात्र शुल्कात तालमीसाठी उघडली पाहिजेत, आणि याला कोणतीही नवी इमारत लागत नाही, एक किल्ली आणि एक शिपाई लागतो. सवलतीच्या १५ दिवसांची यादी जिल्ह्याजिल्ह्यांत कशी ठरते हे जिल्हाधिकाऱ्याला जाहीरपणे विचारावे, आणि यात्रेतल्या तमाशाला त्यात वाटा मागावा. फडमालकाला हंगामी भांडवल सहकारी बँकेतून मिळावे आणि त्याबरोबर कलावंताशी लेखी करार सक्तीचा व्हावा. कर्ज मालकाला आणि उचल कलावंताला, ही जुनी साखळी तशीच राहणार असेल तर सरकारी कर्जाने फक्त सावकार बदलेल. या शेवटच्या मागणीला फडमालकांचाच विरोध होण्याचा संभव आहे. तो होऊ द्यावा.

९ ऑगस्टच्या सभांची पत्रके अजून छापखान्यात गेली नसतील, तर त्यांत दोन दुरुस्त्या आजच करता येतील. शाहिराचे नाव 'मनोरंजनाचा कार्यक्रम' या ओळीतून काढून वक्त्यांच्या यादीत घालावे, आणि त्याच्यासमोर वेळ लिहावी: साडेसात ते साडेआठ. पुढारी लवकर आले तर त्यांना पहिल्या रांगेत बसवावे.